कांबळे आणि मुशीची जागा

बकरीचा फोटो काढायचा तरी कांबळे आधी तिच्या मालकाला विचारायचे. मस्कतजवळ अल अमेरातला राहत, हुद्दा इंजिनीअरचा, पण कॅमेरा हातात आला की पोरासारखे. "न विचारता काढलेला फोटो भिंतीवर लावला, की त्यातला माणूस आपल्याकडंच बघत बसतो, इस्माईलभाई," म्हणायचे. मी रत्नागिरीचा, चौथी शिकलेला. ओमानच्या पार दक्षिणेकडं एका आडगावी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचो. पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. असली हळवी माणसं मला सहसा पटत नाहीत. हे पटले.

त्यांना मुशीच्या, म्हणजे शार्कच्या शिकारीचे फोटो हवे होते. आमच्या गावात जाड गळ टाकून मुशी धरत, होडीजवळ आली की भाला. मुशीचं मटण खारवून वाळवायचं आणि पावसाळी वाऱ्यानं समुद्र बंद झाला की घरोघर तेच खायचं. पण नाखवा खमीस परक्याला होडीत घेत नसे. मुशीची जागा तो किनाऱ्यावरचे दोन डोंगर जुळवून ओळखायचा. फोटोत डोंगर आले तर जागा शेजारच्या गावाला कळणार. मग आमच्या गावानं खायचं काय?

डोंगर येणार नाहीत, अशी कांबळेंसाठी मी जबान दिली. खमीस म्हणाला, "उघड्या समुद्राकडं तोंड करून बसेल. डोंगराचा फोटो निघाला तर खलास, तुझंही इथलं काम खलास."

गळाला लागली ती मुशी जवळजवळ होडीएवढी. तिनं होडी गर्रकन फिरवली, खमीसनं भाला उचलला आणि कांबळेंनी खटका दाबला. मागं डोंगर. कुणाचं लक्ष नव्हतं.

किनाऱ्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "एक फोटो चुकला. डोंगर आले. आणि तोच सगळ्यात चांगला असणार."

"मग गप्प बसा. कुणी बघितलंय?"

"तुम्ही जबान दिलीय ना माझी?"

आजही मला वाटतं, गप्प बसले असते तर काही बिघडत नव्हतं. पण ते सरळ खमीससमोर गेले, कॅमेरा उघडला आणि अख्खा रोल उन्हात ओढून काढला. का, ते अरबीत मलाच सांगावं लागलं.

खमीस त्या रोलकडं बघत राहिला. "सगळाच? एका फोटोपायी? मस्कतला कात्री मिळत नाही?"

मी ते मराठीत सांगितलं तसा कांबळेंचा चेहरा असा उतरला, की मुशी कापणारे गडीही हसले. खमीस हसला नाही. "पुढच्या गुरुवारी परत आण याला," मला म्हणाला.

गुरुवारी त्यानं कांबळेंना आपल्या शेजारी बसवलं. जागेवर पोचल्यावर त्यांचा हात धरून दाखवलं, हा सुळका आणि तो मागचा काळा डोंगर, एका रेषेत आले की थांबायचं. कांबळेंनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि नीट बघून घेतलं.

मला इतक्या वर्षांत खमीसनं हे दाखवलं नव्हतं. मी इंजिनात डोकं घातलं, काही दिसलंच नाही असं दाखवत.