नोटीस पिरियड

शिरूरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एक गृहस्थ बायोडेटा टाइप करून घ्यायला येतात. कंपनीनं काढून तीन महिने झाले, तरी अंगात कंपनीचाच शर्ट, तोही कडक इस्त्रीचा. ‘सध्याची नोकरी’ या रकान्यात मला ‘चालू’ लिहायला लावतात. “घरी बसलेल्याला कोण घेतंय?”

मध्यंतरी दौंडला मुलाखत झाली होती, तिथून फोन आला. कधी रुजू होता? ते झटकन झेरॉक्स मशीनला खेटले, मला खुणेनं कागद सोडायला लावले आणि त्या घरघरीत ओरडले, “ड्यूटीवर हाय सायेब! महिन्याची नोटीस द्यावी लागंल. सोडत न्हाईत हो मला.”

चालेल, महिन्यानं या, असं उत्तर आलं.

तेव्हापासून रोज शिफ्टच्या वेळेला ते डबा घेऊन येतात आणि माझ्या बाकावर नोटिशीचा महिना भरत बसतात.