जिताड्यांच्या पाठवणीचं जेवण

"मॅडम, बघा कशा गाढ झोपल्यात! पेणपासून एक पण उसळली नाय," हसनभाई टाकीचं झाकण उचलून कौतुकानं म्हणाले.

मी वाकून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. टाकीतल्या जिताड्याच्या माद्या चक्क कुशीवर पडल्या होत्या. मासा झोपला तरी कुशीवर होत नाही. कुशीवर पडलेल्या माशाचा तोल गेलेला असतो, आणि तोलानंतर जातो तो श्वास.

"हसनभाई, ह्या झोपल्या नाहीत. मरायला टेकल्यात. आधी ऑक्सिजन वाढवा!"

माणगावच्या अलीकडे, हायवेच्या कडेला टेम्पो उभा होता. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मी माशांच्या आरोग्याची कन्सल्टंट, म्हणजे माशांची डॉक्टर. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग ताजी सुरमई कशी ओळखायची ते विचारतात.

हसनभाई दिवेआगरचे. वादळात त्यांची नारळ-सुपारीची वाडी आडवी झाली. तेव्हा कुवेतची नोकरी सोडून ते घरी आले आणि वाडीच्या रिकाम्या जागेत त्यांनी जिताड्याची हॅचरी बांधली. हॅचरी म्हणजे मासळीची अंडी उबवून पिल्लं काढायची जागा. तिला अंड्यावर येणाऱ्या मोठ्या माद्या लागतात. अशा माद्या पेणजवळच्या खाडीकाठच्या तळ्यात एका पाटीलकाकींनी लहानाच्या मोठ्या केल्या होत्या. पावसाळा तोंडावर आलेला. ह्या माद्या गेल्या तर हसनभाईंचा हंगाम गेला, आणि हंगाम गेला तर पुन्हा कुवेत. हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मला ते पाठ झालं होतं.

जिताडा दांडगा मासा. टाकीत घातला की धडका मारतो, खवले सोलून घेतो, डोळा फोडून घेतो. म्हणून त्याला प्रवासापुरती हलकी गुंगी देतात. औषध लवंगेच्या तेलाचं, दाढ दुखल्यावर आपण लावतो तेच. मात्रा बरोबर असली तर मासा सरळ राहतो, फक्त सुस्तावतो. पण सुस्तावला म्हणजे निवांत झाला असं नव्हे. वरून गप्प दिसला तरी आत त्याचं शरीर घाबरलेलंच असतं. रक्तातली साखर वाढते आणि श्वास मंदावतो. ही तारेवरची कसरत असते, आणि त्यासाठी माझी एकच अट असते. आदल्या दिवसापासून माशाला खायला काही द्यायचं नाही.

मात्रा मी स्वतः मोजून घातली होती. मग हे झालं कसं? मी पाण्यात हात घातला. हाताला अर्धवट पचलेली करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, लागली. पाणी गढूळ, वर फेस.

मी तिथूनच काकींना फोन लावला.

"काकी, खरं सांगा, सकाळी ह्यांना काय घातलंत?"

"जराशी करंदी घातली."

"जराशी म्हणजे किती?"

"टोपली."

"अहो, उपाशी ठेवा म्हणून तीनदा सांगितलं होतं ना? सकाळी विचारलं तेव्हा व्हय व्हय म्हणालात!"

"ठेवलेली की काल दिसभर उपाशी! पन जाताना उपाशी कशी धारू? आपले घरशी कोन उपाशी जातं का? पोसलेली पोरां हान ती."

मी कपाळावर हात मारला. दिवसभर उपाशी ठेवून जिताड्यापुढे टोपलीभर करंदी! तुटून पडल्या असणार. भरल्या पोटातलं पचवायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि गुंगीत श्वास कमी झालेला. त्यात माशांनी ओकलेलं सगळं कल्ल्यांत, म्हणजे त्यांच्या फुफ्फुसांच्या जागी, जाऊन बसलेलं. ह्यांना लवंगेच्या तेलानं नाही, पाहुणचारानं मारायला घेतलं होतं. भयंकर राग आला, आणि काढणार कोणावर? लेकीला जेवू घालून धाडणाऱ्या बाईवर?

शेजारच्या घराच्या विहिरीवर पंप होता. त्यांच्या हातापाया पडून पाइप टाकीत सोडला आणि निम्मं घाण पाणी काढून टाकलं. जिताडा खाडीत राहतो तसा गोड्या पाण्यातही राहतो, हे नशीब. तरी धक्का कमी बसावा म्हणून किराणा दुकानातून खडे मीठ आणून ओतलं. एवढ्यात हसनभाई इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यासकट टाकीत उतरले.

"काय करू सांगा!"

"बाकीच्या नव्या पाण्यानं सावरतायत. सगळ्यात मोठी धरा आणि पुढे पुढे चालवा. तोंडातून पाणी शिरून कल्ल्यांतून गेलं पाहिजे."

तेवढ्याशा टाकीत ते मादीला काखेत धरून गोल गोल फिरू लागले. "चल गं माझी बाय, श्वास घे, या अल्ला, श्वास घे." रस्त्यावरच्या गाड्या थांबून बघायला लागल्या. कोणीतरी व्हिडिओही काढला. बऱ्याच वेळानं तिनं असं शेपूट मारलं की हसनभाई टाकीत बसलेच. मी आयुष्यात इतक्या आनंदानं कोणाला पडताना पाहिलं नाही.

संध्याकाळी दिवेआगरला सगळ्या जिवंत पोचल्या. पण पुढे कित्येक दिवस त्यांनी खाण्याला तोंड लावलं नाही. पोटात तयार होत आलेली अंडी शरीरानं परत जिरवून टाकली. जिवावरचं संकट आलं की मासा पिल्लांचा विचार सोडतो आणि आधी स्वतः जगतो. त्या वर्षी हॅचरीत एकही पिल्लू निघालं नाही. हसनभाई कुवेतला गेले, पण वर्षाच्याच बोलीवर. माद्या त्यांच्या भावानं सांभाळल्या.

पुढच्या वर्षी ते परतले आणि आणखी माद्या आणायला आम्ही पुन्हा पेणला गेलो. मी शहाणी झाले होते. "उपाशी ठेवल्यात का" असं आता मी विचारत नाही, कारण त्याला सगळे व्हयच म्हणतात. मी आदल्या दिवशीच जाऊन तळ्यावर बसले. सकाळी काकी आल्या, रिकाम्या हातानं, ओठ सुकलेले. मी त्यांच्यापुढे चहा धरला. त्यांनी मान हलवली.

"माजा पन उपास हाय. कालपासना."

"कसला?"

"त्यांचाच. त्यांना उपाशी ठेवून मना घास उतरंल व्हय?"

"काकी, उपास माशांनी करायचा असतो!"

त्यांनी चहा माझ्याकडेच सरकवला. ह्या बाईपुढे माझी डिग्री काय कामाची?

सगळ्या माद्या सरळ पोहत दिवेआगरला पोचल्या. टाकीतून हॅचरीच्या तळ्यात सुटताच मी फोन लावला. "काकी, पोचल्या सगळ्या. जेवा आता."

"आधी त्या जेवल्या का सांगा."

गुंगी पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, माशाला काही द्यायचं नसतं. हा नियम मीच सगळ्यांना शिकवते. हसनभाई माझ्याकडे बघत होते.

"व्हय, व्हय," मी म्हटलं. "पोटभर."