आईची वही आणि माझी ॲपं

कंपनीने माणसं कमी केली त्यात माझी नोकरी गेली, आणि त्याच वर्षी आईच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. विद्यानगरात ती तीस वर्षं ब्लाउज शिवत होती. नजर पुरती जायच्या आत तिची विद्या माझ्या हातात यायला हवी होती. मी मात्र सुईत दोरा ओवायच्या आधी ती विद्या साठवायला ॲप शोधत बसले.

आठवड्यात तीन ॲपं झाली. एकात तक्ते नीट बसेनात, एकात रंगीत खुणा नव्हत्या, एक मराठी लिहिलं की अडखळे. नाचता येईना अंगण वाकडं! चौथ्यात आईच्या वहीतली सगळी मापं भरली. वहीत कुणाचंच नाव नव्हतं. ‘बोर्डावर लिहिणारी’, ‘लेकरू कडेवर घेणारी’ अशी वर्णनं होती. ती मी गाळली, खरी नावं मिळवली, छाती-कंबर-बाहीचे सुबक रकाने केले आणि स्वतःवर फार खूश झाले.

पहिला ब्लाउज जामबागेतल्या एका शिक्षिकेचा. दुसऱ्याच दिवशी त्या तो घेऊन आल्या. फळ्यावर तारीख लिहायला हात वर केला आणि भर वर्गात काखेतली शिवण उसवली होती. मला तोंड वर करवेना. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुझ्या अम्मांना एकदा विचार, त्या माझा कसा कापायच्या.” शहरात शिंप्यांना तोटा नव्हता, तरी त्यांनी ब्लाउज माझ्याकडेच ठेवला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

“उजव्या मुंढ्यात, काखेपाशी, अर्धा इंच जास्त सोडायचा. लिवलंय की वहीत,” आई म्हणाली.

“कुठं लिहिलाय अर्धा इंच?”

“बोर्डावर लिहिती म्हणून लिवलंय ना? नुसते आकडे घेऊन काय करती तू?”

मग सगळ्यात साधं ॲप घेतलं. कोरं पान आणि आवाज साठवायचं एक बटण. सहा महिने आई बोलली, मी कापलं. त्या आवाजांत सगळ्यात जास्त ऐकू येतं ते “नक्को, नक्को, तिथं नक्को.”

पुढे तिला फक्त उजेड-अंधार कळू लागला. एका दुपारी मी शिवलेला ब्लाउज मांडीवर घेऊन ती बराच वेळ चाचपत राहिली.

“मागून उंची वाढवलीस. ही वाकून बसती ना?”

“हो. आपण शिलाई मशीनवर वाकतो तशी दिवसभर कॉम्प्युटरवर वाकलेली असते.”

“मला न पुसताच कापलास?”

“हो.”

“मग आता पुसत जाऊ नको.”