सुलतानची हिशेबातली उंची

१९७८ सालच्या तान्ह्या पोळ्याला, सकाळी नऊच्या सुमारास, मी पंचेचाळीस रुपये रोख मोजून कुत्र्याचं एक पिल्लू विकत घेतलं. व्यवहाराच्या वेळी हजर होते: मी, माझी बायको सुमन, विकणारा तेंदूपत्ता ठेकेदाराचा मुनशी, आणि अंगणाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात गेला अर्धा तास कडुनिंबाच्या काडीनं तोच एक दात घासत असलेला माझा थोरला भाऊ.

भावाला कुणी बोलावलं नव्हतं. तो त्याच्या हिश्शात उभा होता, त्यामुळे हरकतही घेता येत नव्हती.

सानगडीच्या आमच्या घराची वाटणी होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. खोल्या वाटल्या, भांडी वाटली, अंगण वाटलं. मधे भिंत मात्र झाली नाही. भिंत नऊ इंच जाडीची, आणि ते नऊ इंच कुणाच्या अंगणातून जाणार? साडेचार-साडेचार करा, असं सुमन पहिल्याच दिवशी म्हणाली होती, पण पुरुष बोलत असताना ती बोलली, म्हणून ते कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून दर दिवाळीला मी दोरी लावून चुन्याची रेघ आखत असे. (मी सोसायटीचा सेक्रेटरी. माझी रेघ सरळ येते, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. एकमत झालेली ही एकच बाब.) सुमन आणि वहिनी, दोघींच्या भाजीच्या वाट्या रेघेवरून खुशाल येत-जात. बोलणं बंद होतं ते आम्हा दोघा भावांचं. आणि भावाच्या कोंबड्या रेघ मानत नव्हत्या.

म्हणून कुत्रा. साधा नाही, जबर. बघताच कोंबडी आणि कोंबडीचा मालक दोघंही जागच्या जागी थांबतील असा.

"बाप असली अल्सेशियन हाये, साहेब," मुनशी म्हणाला. "ठेकेदाराच्या बंगल्यावर बांधलेला."

"आणि आई?"

मुनशीनं थोडा विचार केला. "मायबी चांगल्या घरची हाये."

मी पिल्लाचे पंजे पाहिले. पंजे अनारशाएवढे होते. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की पंजा मोठा तर कुत्रा मोठा. पण मी ऐकीव गोष्टीवर पैसे टाकणारा माणूस नाही. मी त्रैराशिक मांडलं. गल्लीतला काळू पिल्लू असताना त्याचा पंजा दोन बोटं होता, आज तो दीड फूट उंच आहे. या पिल्लाचा पंजा साडेतीन बोटं. तर उंची किती? दोन फूट साडेसात इंच! हा आकडा मी सुमनला मोठ्यानं सांगितला. तिच्यासाठी एवढा आवाज लागत नव्हता. पलीकडं काडी थांबली.

पिल्लाचं नाव सुलतान ठेवलं, आणि सुलतान वाढू लागला.

पहिले दोन महिने फक्त कान वाढले. पळसाच्या पानाएवढे झाले आणि लोंबू लागले. पाणी प्यायला वाकला की आधी कान पीत, मग तो. चालताना स्वतःच्याच कानावर पाय देऊन तो थांबे आणि कुणी धरलं म्हणून मागं वळून बघे. मी म्हटलं, ठीक आहे, आता पाय येतील. पाय आले नाहीत. लांबी आली. तोंड स्वयंपाकघरात पोचलं तरी शेपूट अजून ओसरीवर असे, आणि मधला भाग उंबऱ्यावर टेकून विसावा घेई. पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, मागचे त्याहून दोन बोटं उंच, त्यामुळे सपाट अंगणातसुद्धा तो सदा उतारावरून येतोय असं वाटे. वर्षभरानं चेहरा तेवढा बापावर गेला. अस्सल अल्सेशियन, करारी, आणि तो बसवलेला होता एका ठेंगण्या बाकावर.

"अजी," सुमन म्हणाली, "पोटानं सारं आंगण झाडून निघते. माहा खराटा वाचला."

दीड वर्षाचा झाल्यावर मी टेप लावली. एक फूट पाव इंच. चूक हिशेबात नव्हती, मालात होती.

कोंबड्यांनी हा नवा चेहरा पाहून पहिले चार दिवस मान राखला. पाचव्या दिवशी त्यांनी त्याला पूर्ण पाहिलं. त्यानंतर दुपारी तो झोपला की त्याच्या पाठीवर तिघी ओळीनं बसत. आणि झोपायला त्यानं जागा निवडली ती बरोबर रेघेवर, आडवी. तोंड माझ्याकडे, कारण ताटली माझ्याकडे. मागचा भाग भावाकडे.

इथून आमचं बोलणं सुरू झालं. म्हणजे भावाचं सुलतानशी, आणि माझं सुलतानशी.

"सुलतान," भाऊ पलीकडून म्हणे, "तुह्या मालकाले सांगजो, खाणं त्याच्या हिश्शात अन् घाण माह्या हिश्शात, हे कोणत्या वाटणीपत्रात लिवलं हाये?"

मी म्हणे, "सुलतान, त्यांना सांग, बावीस इंच माझ्याकडे आहेस आणि वीस त्यांच्याकडे. जास्तीचा भार मीच सोसतोय."

सुलतान दोघांकडे आळीपाळीनं पाही आणि शेपूट हलवी. ती भावाच्या हद्दीत हले, याचं मला वाईट वाटे. पण त्याच वाटेनं पुढे बरंच काही येऊ-जाऊ लागलं. भावाच्या मुलीचं लग्न ठरल्याचं मला सुलतानकडूनच कळलं. माझी दाढ काढल्याचं त्यानंच भावाला सांगितलं.

अशीच तीन-चार वर्षं गेली. मग एका दिवाळीला मी दोरी बांधून रेघ आखायला घेतली, तर सुलतान जागेवर आडवा. हाक मारली, उठला नाही. फटाक्यांनी रात्रभर त्याला झोप नव्हती. आता रेघ म्हटली की सरळ हवी, कुत्र्याला वळसा घातला तर ती रेघ कसली? मी भुकटी टाकत गेलो ती त्याच्या पोटावरून, पाठीवरून, सरळ पलीकडे. चुना नाकात गेला तसा सुलतान शिंकला, उठला, आणि कमरेला पांढरा पट्टा घेऊन तडक आमच्या स्वयंपाकघरात शिरून चुलीपाशी बसला.

भाऊ ओसरीवर होता. त्यानं रेघेतली रिकामी जागा पाहिली, आमच्या दाराकडे पाहिलं, आणि खुराड्याचं दार उघडून कोंबड्यांना म्हणाला, "चला वं बायांनो. हद्द चुलीपाशी सरकली. आता सारं आंगण आपलंच हाये."

आणि त्या आल्या! सगळ्या! गल्ली हसली, सुमन हसली, वहिनी तर पदर तोंडात धरून खाली बसल्या. भाऊ हसला. हसता हसता त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. वाटणीनंतर पहिल्यांदाच, मधे कुत्रा नसताना. आणि तो थांबला.

मलाही हसू येत होतं. अगदी ओठापर्यंत आलं होतं. पण माझ्या हातात चुन्याचा डबा होता आणि दोरी अजून ताणलेली होती. मी म्हटलं, "हसून हिस्सा वाढत नसतो."

भावानं कोंबड्या मोजून आत घेतल्या.

त्यानंतर सुलतानमार्फत होणारं बोलणंही कामापुरतं उरलं. आठ वर्षांचा होऊन, धान कापणीच्या दिवसांत, तो भावाच्या गोठ्यात मेला. पुरायचं कुठं? माझ्या हिश्शात म्हटलं तर भावाच्या गोठ्यात मेलेला, भावाच्या म्हटलं तर पंचेचाळीस रुपये माझे. शेवटी रेघेवरच, आडवा. भावानं त्याच्या बाजूनं खोदलं, मी माझ्या. माझा खड्डा मापात होता. भावाचा वीतभर जास्त खोल निघाला, त्यामुळे सुलतान शेवटीही उतारावरच राहिला. माती लोटून झाल्यावर आम्ही दोघं थोडा वेळ फावड्यावर हात ठेवून उभे होतो. सांगायचं कुणाला, हे कळेना. मग हात धुतले.

पुढच्या उन्हाळ्यात भावानं गवंडी आणला. नऊ इंचाची भिंत, साडेचार त्याचे, साडेचार माझे. हरकत कुणी घेतली नाही. गवंड्यानं मधे उभं राहून विचारलं, "उंची किती ठेवू?"

मी भावाकडे पाहिलं नाही. भावानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो खाली, सुलतान पुरला होता त्या मातीकडे बघत म्हणाला, "दोन फूट साडेसात इंच. हिशेब झालेला हाये."

विटा दोन्ही घरच्या पडलेल्या होत्या. गवंड्याची मजुरी नव्वद रुपये झाली, पैकी माझ्या वाटचे पंचेचाळीस मी त्याच्या हातात मोजून दिले. भिंत मी स्वतः टेप लावून तपासली. आकडा बरोबर आला. एवढी भिंत कुणीही माणूस पाय उचलून सहज ओलांडेल, अडला असता तो फक्त सुलतान. अजून आम्हा दोघांपैकी कुणी ओलांडलेली नाही. माझं त्रैराशिक मात्र चुकलं नव्हतं, हे आता गल्लीत सगळ्यांना मान्य आहे.