सोमवारची गोळी

मला बीपी आहे हे दाढ काढायला गेले तेव्हा कळलं. दातांच्या डॉक्टरांनी आधी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, आणि दाढ तशीच ठेवून मला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. सकाळी न्याहारी झाली की घ्यायची. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, आणि रोज चालायचं.

मीठ जमलं. भाजी शिजली की माझ्यापुरती वाटीत काढून ठेवायची आणि मग बाकीच्यांचं मीठ घालायचं. चालणं अवघड गेलं. शेतात दिवसभर पाय चालतातच, पण डॉक्टर म्हणाले, ते वेगळं, हे सलग चालायला हवं. आमच्या महाळुंग्यात बाई रिकाम्या हातानं रस्त्याला लागली की प्रत्येक जण विचारतो, कुठं निघाली. मला रस्त्यात उभं राहून उत्तरं देता येत नाहीत. म्हणून मी हातात खुरपं घेऊन निघायचे. कालव्याच्या कडेनं जायचं आणि तसंच परत यायचं. खुरपं दिसलं की कुणी काही विचारत नाही.

दर महिन्याला तपासायला जायचं असे. थोरला मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याला सोमवारी सुट्टी. म्हणून सोमवारीच मोटरसायकलवर जायचो. दर वेळी आकडा जास्तच यायचा. डॉक्टर विचारायचे, गोळी घेता ना? मी हो म्हणून मान हलवायचे. त्यांनी गोळी वाढवली, पुढच्या खेपेला आणखी एक जोडून दिली.

दोन गोळ्या झाल्या आणि मला घेरी यायला लागली. धार काढून उठले की डोळ्यांपुढं अंधार. गोठ्याचा खांब धरून थांबायचं आणि मग चालायचं. घरात मी कुणाला बोलले नाही, कारण लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. ते माहेरीच करायचं असं ठरलेलं. मला घेरी येते हे कळलं असतं तर सासरच्यांनी तिला पाठवलं नसतं.

पण कळायचं ते कळलंच. लेकीला कधी पाठवायचं तो दिवस ठरवायला तिची सासू त्यांच्या गावाहून, पेठेहून, आली. मी चुलीपुढून चहाची पातेली घेऊन उठले आणि तोल गेला. सगळा चहा जमिनीवर. विहिणीनंच मला दंडाला धरून बसवलं. दुसरा चहा झाला, तो पिऊन ती म्हणाली, "विहीणबाई, तुमालाच धराया मानूस लागतंय. लेकराला कोन धरनार?"

आमचे मालक हसण्यावारी न्यायला गेले. ती हसली नाही. डॉक्टरला विचारा, तो बरं म्हणाला तर पोरीला पाठवते, न्हाईतर आमच्याकडंच करू, असं सांगून ती गेली. ती वाईट बोलली नव्हती. तिच्या जागी मीही तेच म्हणाले असते.

पुढच्या सोमवारी आकडा पुन्हा जास्त. डॉक्टरांनी तिसरी गोळी लिहायला कागद ओढला. मुलगा बाहेर बाकावर होता. तिसरी गोळी म्हणजे आणखी घेरी आणि घेरी म्हणजे लेक येणार नाही, एवढं मला कळत होतं. दवाखान्यात मी आजवर हो-नाहीपलीकडं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"सोमवारी मी गोळी घेत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. का म्हणून विचारलं. मी सांगितलं, सोमवार असतो. भीमाशंकर इतका जवळ, आमच्याकडं हा उपास पहिल्यापासून आहे. गोळीला खाली भाकरीचा आधार लागतो, नाहीतर पोटात आग पडते असं मी धरून चालले होते. भाकरी नाही तर गोळी नाही.

"आणि बाकीचे दिवस?"

"रोज घेते. तवाच घेरी येती."

त्यांनी माझ्या कागदावरच्या जुन्या तारखा बघितल्या. "मावशी," ते म्हणाले, "म्हणजे मी इतके महिने तुमचा फक्त बिनगोळीचा सोमवारच मोजतोय."

मग उपासाला काय खाता ते विचारलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, उपासाचं लिंबाचं लोणचं, सगळं सांगितलं. लोणच्यात मीठ नसतं, शेंदेलोण असतं, असंही सांगितलं. ते म्हणाले, तेही मीठच. मला ते खरं वाटेना, पण वाद घातला नाही. उपास करा, गोळी मात्र सकाळी पाण्याबरोबर घ्यायचीच, या गोळीला भाकरी लागत नाही, असं ते म्हणाले. बाकीच्या दिवशी गोळ्या जास्त होऊन घेरी येत होती, म्हणून दुसरी गोळी त्यांनी बंद केली. यापुढं सोमवार सोडून या, आणि मधल्या काळात गावातल्या नर्सबाईंकडून बीपी मोजून घ्या, असं बजावलं.

पहिल्या सोमवारी गोळी हातात घेऊन बराच वेळ बसले. देवाला सांगितलं आणि गिळली. पोटात आग पडली नाही. शेंदेलोणाचा कीस आणि लोणचं सोडलं. थोड्या दिवसांत घेरी थांबली. नर्सबाईंनी मोजलं, आकडा ठीक निघाला. डॉक्टरांनीही बरं म्हणून सांगितलं. मुलानं तसा पेठेला फोन केला.

लेकीला घेऊन विहीण स्वतः आली. मी नळावरून भरलेला हंडा घेऊन पायऱ्या चढले तेव्हा ती ओट्यावर उभी राहून बघत होती. मग तिनं लेकीची पिशवी आत नेऊन ठेवली.

नात झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर विहीण तिला बघायला आली, तो सोमवार होता. मी गोळी घेतली, पाटावर बसून पाय लांब केले आणि बाळाला पायांवर घेतलं. विहीण समोर बसून पाणी ओतत होती. तिची नजर बाळावर कमी आणि माझ्या हातांवर जास्त होती. अंघोळ झाली, बाळाला फडक्यात गुंडाळलं, आणि ते तसंच पोटाशी धरून मी पाटावरून उठले. तेव्हा कुठं तिनं तांब्या खाली ठेवला.