मगदूम मॅडमची पालकसभा

मगदूम मॅडम जिथं कुणाला नको असत, नेमक्या तिथं जाऊन बसत. आमच्या कॉलेजात जुन्या पाण्याच्या टाकीमागं एक कट्टा आहे. तिकडून आधी सिगारेटचा आणि मग गांजाचा वास यायला लागला, तेव्हा आम्ही प्राध्यापक मंडळी लांबच्या वाटेनं ग्रंथालयात जाऊ लागलो. मॅडम मात्र एका दुपारी आपला डबा घेऊन थेट त्या कट्ट्यावर गेल्या. पोरं दचकून उठली. "बसा की. मी काय पोलीस न्हाय. सावली बरी वाटली म्हणून आले," म्हणत त्यांनी भाकरी मोडली आणि शेंगदाण्याची चटणी पोरांपुढं सरकवली. पोरांनी जागा बदलली, पार्किंगमागं गेली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा डबा पार्किंगमागं उघडला.

त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. माहेर सीमेवरच्या गावातलं, घरात कन्नड, बाहेर अस्सल कोल्हापुरी. आवाज असा की शेजारच्या वर्गात माझा इतिहास थांबायचा. कुणाचं बोलणं फार लांबलं की हात वर करून म्हणायच्या, "साकू!" म्हणजे पुरे. हे साकू प्राचार्यांच्याही वाट्याला येई.

एकदा स्टाफरूममध्ये कट्ट्यावरच्या त्या पोरांचा विषय निघाला. एक तरुण प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, पोरं सज्ञान आहेत. जमाना मोकळा झालाय. आपण काय त्यांचे आईबाप आहोत का?" मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "मोकळीक द्या की. पोरापोरींनी बोलावं, हिंडावं, प्रेमात पडावं, मला काय बी वाटत न्हाय. पण पोरगं डोळ्यांदेखत जळतंय आणि आपण म्हणायचं, त्याचा तो बघंल! ह्याला मोकळीक म्हणता व्हय? ह्याला अंग काढून घेणं म्हणतात."

मग सौरभचं प्रकरण झालं. गडमुडशिंगीचा, दुसऱ्या वर्षाचा, पैलवानी बांध्याचा, लाजरा पोरगा. मैदानाकडच्या कपडे बदलायच्या खोलीत तो कोसळला. त्याचा मित्र ओंकार धावत सुटला, तो ऑफिसकडं नाही, क्रीडा विभागाकडंही नाही. सरळ मॅडमच्या प्रयोगशाळेत आला. मी तेव्हा तिथंच होतो. आम्ही दोघांनी सौरभला मॅडमच्या गाडीत घातलं. मी गाडी चालवत होतो. मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन मॅडम ओंकारला विचारत होत्या, "काय घेतलंय ह्यानं?"

"मला म्हाईत न्हाय, मॅडम."

"तुला म्हाईत हाय. नाव सांगितलंस तर कोण मारंल ह्याची भीती वाटतीया ना तुला? वाटू दे. पण हा मेला तर ती भीती घेऊन कुठं जाणार हाईस? बोल."

ओंकार रडत रडत बोलला. सुई होती. जिममध्ये ताकद येते म्हणून सुरुवात झाली, नंतर ताकदीचा संबंध उरला नाही. आणून देणारा होता संस्थेच्या एका संचालकांचा पुतण्या. दवाखान्यात पोचताच मॅडमनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. पुढं डॉक्टर म्हणाले, नेमकं कळलं म्हणून वेळेत उपचार करता आले.

सौरभचे वडील शामराव शेतातून तसेच आले, पायाला चिखल. प्राचार्य आधीच पोचले होते. "घाबरू नका, उन्हानं चक्कर आली," ते म्हणाले. मॅडम मध्ये आल्या. "चक्कर न्हाय, दादा. तुमच्या पोरानं नशेची सुई घेतली. जगणार हाय तो. पण तुम्हाला खोटं सांगून घरी धाडणार न्हाय मी."

शामराव त्यांच्यावरच उसळले. "शिकायला पाठवलं व्हतं तुमच्याकडं! तुम्ही काय झोपलाता?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या, "आमचं कॉलेज झोपलंवतं."

संस्थेनं तातडीची बैठक घेतली. ठरलं असं की, प्रकरण वाढवायचं नाही. मॅडमनी पालकसभा मागितली, नकार मिळाला. त्यांनी पोलिसांत जाऊन स्वतःच्या नावानं जबाब दिला, संचालकांच्या पुतण्याचं नाव घेऊन. दोन दिवसांत त्यांच्या मोबाईलवर निरोप आला, तुम्हालाही मुलगी आहे, विसरू नका. तो त्यांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, "हाय की मुलगी. म्हणून तर गप बसत न्हाय." तोही त्यांनी पोलिसांना दाखवला.

नकाराला न जुमानता मॅडमनी रविवारी सभा ठरवली आणि तिचा निरोप पोरांनीच वर्गांच्या ग्रुपवर फिरवला. शामराव सभेच्या आदल्या दिवशी मॅडमच्या घरी आले. सौरभच्या बहिणीचं लग्न ठरत होतं. हात जोडून म्हणाले, "आमचं नाव तेवढं घेऊ नका." मॅडम म्हणाल्या, "नाव तुमचं हाय, दादा. मी कोण घेणारी?"

रविवारी सकाळी पालक आले, तर हॉलला कुलूप. वॉचमन खाली बघून म्हणाला, "वरनं ऑर्डर हाय." मॅडम म्हणाल्या, "तुझं काय चुकलं न्हाय, बाबा," आणि हॉलच्या पायरीवर उभ्या राहून बोलू लागल्या. ना माईक, ना खुर्च्या. कागलपासून हातकणंगल्यापर्यंतची माणसं उन्हात उभी राहून ऐकत होती. एक गृहस्थ ओरडले, "मॅडम, उगंच बदनामी कशाला करताय? कुणाचं पोरगं हाय असलं, दाखवा की!"

मॅडम गप्प राहिल्या. त्यांना गप्प झालेलं मी प्रथमच पाहत होतो. माणसं कुजबुजायला लागली, कुणी हसलं. तरी त्या बोलेनात.

तेवढ्यात मागून आवाज आला, "माझं हाय." शामराव गर्दीतून पुढं आले. "पोरगं माझं हाय. दवाखान्यात हाय अजून. आता बोला, काय बोलायचं ते."

मग एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "माझं बी तसंच करतंय." तिच्यामागून आणखी एक जण. ती सभा दुपारपर्यंत चालली. संध्याकाळी त्यातली बरीच माणसं पोलीस ठाण्यासमोर जाऊन बसली, आणि ज्या पुतण्याला कुणी हात लावत नव्हतं त्याला अटक झाली.

मॅडमची बदली ऐन वर्षात संस्थेच्या लांबच्या शाखेत झाली. प्राचार्य हळहळत म्हणाले, "मॅडम, थोडं जुळवून घेतलं असतं तर?"

"सर, साकू," त्या म्हणाल्या. "बदलीला मी कधी भ्याले न्हाय. झाडं सगळीकडं असतात आणि पोरं बी."

पुतण्या जामिनावर सुटलाय, खटला रेंगाळलाय. सौरभ उपचार घेऊन वर्ष बुडवून परत आलाय. एकदा घसरला, पुन्हा सावरला. बहिणीचं ते स्थळ मोडलं, दुसरं जमलं. शामराव आता दुसऱ्यांच्या पोरांना दवाखान्यात घेऊन जातात.

परवा त्या शाखेच्या नव्या प्राचार्यांचा मला फोन आला. आवाजात काळजी होती. "मगदूम मॅडम तुमच्याकडंच होत्या ना? मला इथं येऊन महिना झाला नाही तोवर त्या पालकसभा घ्यायची म्हणतायत. परवानगी द्यावी का हो?"

मी म्हटलं, "द्या सर. त्यांनी विचारलं, हेच विशेष आहे."