ट्यूबवाल्या मॅडम

बैठका संपल्या की आमच्या मॅडम नाडी बघत नसत, पत्ता विचारत. “बोल गं. नाव, बापाचं नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. एका दमात!” मला पोस्टापर्यंतच धाप लागायची. “पोस्टातच अडकली बगा ही,” म्हणून त्या सगळ्या मैदानाला हसवायच्या.

सोलापुरात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आम्हा मुलींना त्या रोज सकाळी शिकवत. माळशिरसकडच्या मेंढपाळाच्या घरातल्या. लहानपण मेंढरांमागे ढेकळांतून चालण्यात गेलेलं. त्यावरून त्यांनी सिद्धांतच बांधला होता. “घट भुईवर पाय तयार हुतात, दम न्हाय. दमाला भुई डुगडुगतीच लागती.” म्हणून ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी टाकायची, खांद्यावर वाळूची पिशवी घ्यायची आणि तोल सांभाळत बैठका मारायच्या. हा प्रकार बघायला जेऊरहूनसुद्धा शिक्षक यायचे, आणि मॅडमची मान आणखी ताठ व्हायची.

भरतीच्या वयात बसायचं माझं ते शेवटचं वर्ष. नेमकी तेव्हाच मी फळीवरून घसरले आणि घोटा मुरगळला. तो बरा झाल्यावरही डॉक्टरांनी ट्यूब बंद केली. गुडघेदुखीवाल्या आणखी दोघींबरोबर मॅडमनी मला सपाट जमिनीवर उभं केलं. पिशवी तीच, बैठका तेवढ्याच, विसावाही तेवढाच. पण गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना जमत नसे. “पाय हुतील घट. दमात मातुर मागं पडशील.” घरी जाऊन मी पोटभर रडले. सोडूनच देणार होते, पण ट्यूबवर सराव करणारी माझी मैत्रीण सारिका मला न्यायला रोज दारात येऊन उभी राहायची.

तीन महिन्यांनी मॅडमनी सगळ्यांना पळवलं. ट्यूबवाल्यांत सारिका पहिली, आणि मी तिच्या खांद्याला खांदा लावून आले. जमिनीवरच्या बाकी दोघीही कुठे मागे नव्हत्या. मॅडमनी घड्याळ झटकलं, कानाला लावून पाहिलं. दोन दिवसांनी पुन्हा पळवलं, पुन्हा तेच. मग पालकांसकट सगळ्यांना गोळा करून त्या म्हणाल्या, “माजं चुकलं. काम सारकं केलं, तर दम सारकाच वाडतो. ट्यूबनं तोल सुदारतो, तेवडंच.”

“मग इतके दिवस आम्हाला उगीचच डुगडुगवलं की!” सारिका फणकारली.

“व्हय. पन घाम काय वाया गेला न्हाय तुजा.”

निवड यादीत माझं नाव लागलं. आज अंगावर वर्दी आहे, तिचा अभिमान आहेच. पण भर मैदानात आपली चूक सांगणाऱ्या बाईंनी मला घडवलं, याचा त्याहून जास्त आहे. पेढे द्यायला गेले तेव्हा मी विचारलं, “मॅडम, एवढ्या लोकांपुढं कशाला सांगितलंत? कुणी विचारलं तरी होतं का?”

पेढा हातातच धरून त्या म्हणाल्या, “उद्या दुसऱ्या कुना पोरीचा पाय मुरगळंल. माजं त्ये जुनं बोलनं ऐकून ती घरी बसली, तर तिची वर्दी मी कुटनं आनू गं?”